‘वस्तू वर्णनाशी जुळते’

साडी आली तेव्हा आजी ओसरीवर बसून अक्षतांचे तांदूळ निवडत होती. मी पाकीट फोडलं आणि साडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं पदराचं टोक अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून एकदा चोळलं, मग साडी उलटी करून किनार पाहिली. “हा कोसा नोहोय, बाई,” ती म्हणाली. “करवत छापलेली आहे.” आणि परत तांदळाकडे वळली. तिनं चष्मासुद्धा लावला नव्हता.

आमचं घर पवनीचं. भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठावरचं हे जुनं विणकरांचं गाव. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्येही इथल्या रेशीमकाठी कापडाची नोंद आहे. आबाजींचा हातमाग मी चौथीत असताना विकला गेला. लग्न होऊन या घरात आल्यापासून तो माग जाईपर्यंत आजीनं कांड्या भरल्या. तिच्या बोटांना सूत कळतं, जसं मला कोड वाचताना कळतं की हे कोणीतरी घाईत लिहिलंय. फरक एवढाच की माझं चुकलं तर कॉम्प्युटर सांगतो. तिचं चुकलं तर धागा तुटायचा आणि दिवसाची मजुरी जायची.

साडी आतेबहिणीच्या लग्नासाठी मागवली होती. खरं तर मोहाडीकडच्या आंधळगावला कोणाला तरी फोन करायला हवा होता, तिथं अजून कोसा विणला जातो. पण मी पुण्यात, हातात फोन, रात्रीचे साडेअकरा, आणि एका मोठ्या मार्केटप्लेसवर समोर आलेली पाटी: भंडारा हँडलूम, करवतकाठी, प्युअर टसर सिल्क, हातमागावर विणलेली, विणकरांकडून थेट. खाली एका विणकराच्या हातांचा फोटो. चौदा हजार नऊशे नव्व्याण्णववर काट मारलेली आणि शेजारी सहा हजार चारशे नव्व्याण्णव. आपल्याच जिल्ह्याचं नाव वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करते. त्या बरं वाटण्याचेच पैसे मी मोजले.

न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. करवतकाठी म्हणजे जिच्या किनारीवर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते ती साडी. नागपूर-भंडारा भागातली ही वीण, आणि तिला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, म्हणजे हे नाव कोणीही कुठल्याही कापडाला लावू नये असं कायदा म्हणतो. किनारीचा आणि अंगाचा धागा मागावरच एकमेकांत अडकवलेला असतो. त्यामुळे करवत कापडाच्या आतच असते आणि उलट्या बाजूलाही दिसते. छापलेली करवत उलट्या बाजूला फिकी पडते. आजीनं साडी उलटी केली ती एवढ्यासाठी. माझी खात्री पटावी म्हणून संध्याकाळी किनारीचा एक धागा उपसून गॅसवर धरला. कोसा जळला तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. पॉलिस्टर.

इथपर्यंत ही सगळ्यांची गोष्ट आहे. मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी, सागवानाच्या नावाखाली भुश्याचा पत्रा, बत्तीस इंचाचा फोटो आणि चोवीस इंचाची वस्तू. प्रत्येकाकडे एक आहे. ती सांगण्यासाठी मी लिहीत नाहीये. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या अकराव्या दिवसाबद्दल.

रिटर्नच्या यादीतून मी ‘वर्णनाशी जुळत नाही’ हे कारण निवडलं. चार फोटो टाकले: सुलटी किनार, उलटी किनार, जळालेला धागा, पाकिटावरचा पत्ता. तीन दिवसांनी उत्तर आलं: विनंती नाकारली, वस्तू वर्णनाशी जुळते. मी फोन केला, वाट पाहिली, परत फोन केला. अकराव्या दिवशी एक शांत आवाजाचा मुलगा बोलायला मिळाला. तो म्हणाला, “मॅम, तुम्ही स्वतः पेज उघडून बघा ना. तिथं आर्ट सिल्कच लिहिलंय.”

मी उघडलं. खरंच तसं लिहिलं होतं. भंडारा स्टाइल करवतकाठी डिझाइन, आर्ट सिल्क. ‘प्युअर टसर’ गेलं होतं, ‘हातमागावर विणलेली’ गेलं होतं. विणकराचे हात मात्र होते तिथंच होते. आर्ट सिल्क म्हणजे आर्टिफिशियल सिल्क, कृत्रिम रेशीम. पण ‘आर्ट’ वाचून कितीजणांना कला आठवते ते तुमच्या घरी विचारून बघा.

माझ्याकडे स्क्रीनशॉट नव्हता. ऑर्डरची ईमेल होती. तिच्यात वस्तूचं नाव असं होतं: ‘भंडारा हँडलूम करवतकाठी साडी, प्यु…’ पुढं तीन टिंबं. ठरावीक अक्षरांनंतर नाव कापायचं, म्हणजे ईमेल देखणी दिसते. असं कापणारी ओळ मीही लिहिलेली आहे. ऑर्डरच्या पानावरचं नाव दाबलं की ते आजच्या पानावर नेतं. मी ज्या पानावर पैसे भरले ते पान जगात कुठंच उरलं नव्हतं.

म्हणजे तो मुलगा खोटं बोलत नव्हता. वस्तू वर्णनाशी जुळत होती. आधी वस्तू पाठवली आणि मग वर्णन तिच्याशी जुळवून घेतलं.

*

आता माझ्या धंद्याबद्दल. पहिल्या नोकरीत मी अशाच एका ऑनलाइन दुकानाच्या ऑर्डरच्या भागावर काम करत होते. तुम्ही ‘खरेदी करा’ दाबता तेव्हा एक नोंद तयार होते. तिच्यात काय साठवायचं ते कोणीतरी ठरवलेलं असतं, आणि माझ्या वाट्याचा काही भाग मी ठरवला होता. वस्तूचा क्रमांक, नग किती, किंमत किती, सूट किती, कर किती, पत्ता कोणता. किंमत वस्तूच्या मूळ नोंदीतून दरवेळी वाचायची नाही, ऑर्डरच्या नोंदीत तिची वेगळी प्रत करून ठेवायची, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. कारण उघड आहे. उद्या किंमत बदलली तर जुनं बिल बदलता कामा नये. हिशेब तपासणारा येईल, जीएसटीचा प्रश्न येईल. पत्त्याचंही तेच. तुम्ही घर बदललंत तरी जुन्या ऑर्डरवर जुनाच पत्ता राहायला हवा.

आणि वर्णन? मी विचारलं होतं, अगदी सहज. माझ्या सीनियरनं तितक्याच सहज उत्तर दिलं: “कशाला? क्रमांकावरून मिळेल की.” मला पटलं. मी पुढचं काम घेतलं. क्रमांकावरून मिळतं ते आजचं वर्णन, त्या दिवशीचं नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. कोणी मागितलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. आमच्या धंद्यातल्या बऱ्याच गोष्टींचा हाच इतिहास आहे.

माझा मुद्दा एवढाच आहे. विकत घेताना दोन गोष्टींचा सौदा होतो: तुम्ही किती देणार आणि ते काय देणार. यातली पहिली बाजू ऑनलाइन दुकानं पैशापैशापर्यंत गोठवून ठेवतात. दुसरी बाजू वाहती ठेवतात. तुमची बाजू दगडावर कोरलेली, त्यांची बाजू पाटीवर खडूनं लिहिलेली, आणि डस्टर त्यांच्या हातात. मग भांडण झालं की तीच पाटी पुरावा म्हणून दाखवली जाते.

यावर कोणी म्हणेल की हे तांत्रिकदृष्ट्या अवघड असेल. नाही. एका साडीच्या वर्णनाचा मजकूर दोन-चार किलोबाइट. फोटो जास्त जागा घेतात, पण तोच फोटो हजार ऑर्डरींत असला तरी एकदाच साठवायचा आणि प्रत्येक ऑर्डरीत त्याची खूण ठेवायची. ही युक्ती दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल. तुम्ही कोणत्या वस्तूवर किती सेकंद थांबलात, कुठं बोट फिरवलंत, कार्टमध्ये टाकून काय सोडून दिलंत, हे सगळं साठवायला जागा असते. तुम्हाला काय कबूल केलं होतं, एवढंच साठवायला नसते.

*

या विषयावर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक सल्ल्याच्या सुरात असतं. स्क्रीनशॉट घ्या. पाकीट फोडताना व्हिडिओ काढा, तोही न तोडता, सहाही बाजू दिसतील असा. अभिप्राय वाचा, फक्त पाच ताऱ्यांचे नाही तर एका ताऱ्याचेही. विक्रेत्याचं नाव तपासा. स्वस्त दिसलं तर संशय घ्या. दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो, कारण १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्या तारखेला राष्ट्रपतींच्या संमतीनं झाला. त्या दिवशीच्या कार्यक्रमांतही हेच सांगतात: ग्राहकानं जागं राहावं.

हे सल्ले चुकीचे नाहीत. मीही आता स्क्रीनशॉट घेते. पण त्यांच्यामागं जी समजूत आहे तिला माझा विरोध आहे. ती समजूत अशी की फसवणूक हा पावसासारखा नैसर्गिक प्रकार आहे आणि शहाण्यानं छत्री घेऊन निघावं. आजी जागीच होती. सबंध साखळीत कोसा म्हणजे काय हे कळणारी बहुधा ती एकटीच होती. विकणाऱ्यापासून फोटो तपासणाऱ्यापर्यंत बाकीच्यांनी तो कधी हातात धरला असेल की नाही, कोण जाणे. तिनं दोन सेकंदांत निकाल दिला. त्या निकालाला त्या व्यवस्थेत कुठंही जागा नव्हती, आणि पुरावा मात्र तिच्याकडेच मागितला गेला.

याआधी असा प्रसंग आला तेव्हा आपण काय केलं होतं? बाजारात खोटी मापं होती. कमी भरणारं पायली-शेराचं माप, तळाला मेण लावलेला तराजू. त्यावर ‘प्रत्येक गिऱ्हाइकानं घरचा तराजू घेऊन बाजाराला जावं’ असा उपाय कोणी काढला नाही. दुकानदाराच्या वजनावर सरकारी शिक्का आला. ठरावीक काळानं ते वजन तपासून घेणं दुकानदारावर बंधनकारक झालं. बिनशिक्क्याचं वजन नुसतं दुकानात सापडलं तरी गुन्हा झाला, मग त्यानं कोणाला फसवलेलं असो वा नसो. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तीही एकेकट्या गिऱ्हाइकाला चतुर करण्यासाठी नव्हती. एकटं गिऱ्हाईक कितीही चतुर असलं तरी हरतं, हे ओळखूनच ती सुरू झाली होती. पन्नास वर्षांनी आपण परत घरचा तराजू घेऊन फिरायला लागलोय. त्याचं नाव आता अनबॉक्सिंग व्हिडिओ आहे.

*

कायदा नाही असंही नाही. उलट कायदा ऐकला तर वाटेल की माझी केस पाच मिनिटांची आहे. १९३० चा मालविक्री कायदा, म्हणजे इंटरनेट सोडाच, रेडिओही घरोघरी पोचला नव्हता तेव्हाचा कायदा. त्याचं पंधरावं कलम सांगतं की वर्णनावरून माल विकला तर माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, ही अट करारात लिहिलेली नसली तरी गृहीत आहे. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियम आले. त्यांत विक्रेत्याला स्पष्ट बजावलंय की जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येणार नाही. मार्केटप्लेसला सांगितलंय की वर्णन आणि चित्रं वस्तूच्या स्वरूपाशी, दर्जाशी थेट जुळतील असं हमीपत्र विक्रेत्याकडून घ्या. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, हेही त्यात आहे.

तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, म्हणजे माझ्या आईला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, भंडाऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग चालतो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार ऑनलाइन भरता येते. वकील लागतोच असं नाही. दोन वर्षांची मुदत असते. हे सगळं खरं आहे आणि ज्याला शक्य आहे त्यानं जरूर करावं.

पण या सगळ्या तरतुदी ‘वर्णन’ या एका शब्दावर उभ्या आहेत, आणि कोणतं वर्णन, कोणत्या क्षणाचं, ते कोण जपून ठेवणार, हे नियमांत सांगितलेलं नाही. हमीपत्र विक्रेत्यानं मार्केटप्लेसला द्यायचं. गिऱ्हाइकाला काय मिळतं? बिल. माझ्या बिलावर साडीचं नाव चार शब्दांत होतं, त्यात टसरही नव्हतं आणि आर्टही नव्हतं. ‘सारी, मल्टिकलर, फ्री साइज’. कराचा कोड मात्र अचूक.

त्याच नियमांत आणखी एक जागा आहे, ती वाचून मला आबाजींची आठवण आली. वारंवार गैरमाल विकणाऱ्या विक्रेत्यांची ओळख पटेल अशी नोंद मार्केटप्लेसनं ठेवण्याचा प्रयत्न करावा, असा नियम आहे. कोणत्या कायद्यांखाली माल काढून टाकलेला असेल तर? कॉपीराइट कायदा, ट्रेडमार्क कायदा, माहिती तंत्रज्ञान कायदा. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा या यादीत नाही. तोही ट्रेडमार्क कायद्यासारखा १९९९ चाच. म्हणजे एखाद्या कंपनीचं बुटावरचं चिन्ह चोरणाऱ्याची नोंद ठेवायची, आणि अख्ख्या जिल्ह्याच्या विणकरांचं नाव चोरणाऱ्याची ठेवायची नाही. हा विसर कोणाच्या सोयीचा आहे, ते सांगायची गरज नसावी.

*

दुसऱ्या बाजूचं ऐकलं पाहिजे. ती बाजू मला आतून माहीत आहे.

पहिलं म्हणणं: मार्केटप्लेस म्हणजे नुसता बाजार, मैदान आमचं, माल दुसऱ्याचा. कायद्यानं मध्यस्थाला जे संरक्षण दिलंय ते या समजुतीवर. आमच्या आठवडी बाजाराचं मैदान नगरपरिषदेचं आहे, आणि खरंच, तिथं कोणी सडकी वांगी दिली तर मी नगरपरिषदेत जात नाही. पण नगरपरिषद कोणता वांगीवाला पहिल्या रांगेत बसेल हे पैसे घेऊन ठरवत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे स्वतःच्या गल्ल्यात घेऊन पंधरा दिवसांनी वांगीवाल्याला देत नाही. चौदा हजारांवर काट मारून दाखवत नाही. आणि मुख्य म्हणजे भांडण झाल्यावर न्यायाधीश होऊन ‘वांगी वर्णनाशी जुळतात’ असा निकाल देत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये एका महागड्या बुटांच्या कंपनीच्या खटल्यात हाच प्रश्न विचारला होता: जो इतकी कामं करतो तो नुसता मध्यस्थ कसा? जाहिरातदार, खजिनदार आणि न्यायाधीश अशी तिन्ही पदं एकाकडे असतील तर त्याला मैदान म्हणता येणार नाही.

दुसरं म्हणणं जास्त खरं आहे: गिऱ्हाइकंही फसवतात. साडी लग्नात नेसून परत करतात. नवीन वस्तू ठेवून जुनी पाठवतात. याचा फटका मार्केटप्लेसला कमी आणि छोट्या विक्रेत्याला जास्त बसतो, दोन्ही वेळचा वाहतूक खर्च बऱ्याचदा त्याच्या माथी येतो. मान्य. पण म्हणूनच सौद्याची गोठवलेली प्रत हवी. आंधळगावच्या एखाद्या विणकरानं ‘हातमागाच्या विणीत बारीक गाठी असतात, रंग नैसर्गिक असल्यानं थोडा फरक पडेल’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल, आणि कोणी गाठी दाखवून साडी परत करत असेल, तर तीच प्रत विणकराला वाचवेल. आज त्याच्याकडेही काही नाही. खरं बोलणाऱ्या दोन्ही बाजूंना नोंद हवी असते.

तिसरं म्हणणं: साडेसहा हजारांत अस्सल कोसा येईल का, तुम्हाला कळायला नको? हे मला घरातच ऐकवलं गेलं, आणि त्यातला माझा भाग मी आधीच कबूल केलाय. पण अशी साडी विणायला किती दिवस लागतात, कोसा कुठून येतो, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर अळ्या वाढवणारी माणसं किती कमावतात, हे गिऱ्हाइकाला कळायचा मार्ग एकच होता: खरी किंमत समोर दिसणं. काट मारलेल्या किमतींनी तो मार्ग बुजवला. खरी साडी त्या पानावर असलीच तर ती खाली कुठंतरी, महाग म्हणून कोणी न उघडलेली. खोटी साडी मला सहा हजारांना फसवते. त्या विणकराला मात्र ती दररोज फसवते, आणि त्याच्याकडे रिटर्नचं बटण नाही.

चौथं म्हणणं अभिप्रायांचं. चार पूर्णांक दोन तारे होते ना? होते. अभिप्राय पानाला चिकटलेले असतात, वस्तूला नाही. एकाच पानाखाली रंग, आकार, ‘प्रकार’ अशा वस्तू जोडता येतात आणि सगळ्यांचे तारे एकत्र होतात. मागच्या वर्षी त्याच पानावर चांगला सुती दुपट्टा विकला गेला असेल, तर त्याचे तारे यंदाच्या पॉलिस्टरला मिळतात. भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, पण ते ऐच्छिक म्हणून आलं. ऐच्छिक शिक्का मारलेलं वजन कोण विकत घेईल?

*

पवनीत जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० मध्ये तिथं उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यांवर ब्राह्मीत लहान लहान लेख कोरलेले होते, कोणी काय दान दिलं त्याचे. नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्यानं विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले, दोन हजार एका दरानं आणि एक हजार दुसऱ्या, आणि त्या व्याजातून भिक्खूंना वस्त्रं द्यायची. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असंही त्या लेखातच लिहिलंय. विणकरांशी केलेला व्यवहार, दोन्ही बाजूंच्या शब्दांसकट, सगळ्यांसमोर, आणि नंतर कोणाला गुपचूप बदलता येऊ नये अशा जागी. जुन्या काळचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाहीये, तेव्हाही फसवणारे असतीलच. पण देवघेवीत शब्दाची प्रत ठेवावी लागते, एवढं त्यांना कळलेलं होतं. आमच्याकडे दगडापेक्षा स्वस्त साधन आहे आणि आम्ही ते वापरत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पैसे भरले त्या क्षणीचं पान, मजकूर आणि फोटोंसकट, गोठवून त्याची प्रत बिलासोबत गिऱ्हाइकाला मिळावी. भांडणाचा निकाल फक्त त्या प्रतीवरून व्हावा, आणि नाकारताना कोणतं वाक्य कशावरून जुळतं ते लिहावं लागावं. कापड, धातू, लाकूड, आकार असे मूळ गुण बदलले तर ती नवी वस्तू समजावी, जुने तारे तिला मिळू नयेत. नोंदणीकृत भौगोलिक नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्त्याचा नोंदणी क्रमांक दिल्याशिवाय ते नाव टाइपच होऊ नये. आणि नियमातल्या त्या यादीत तो चौथा कायदा घालावा. यातल्या प्रत्येक गोष्टीला लागणारा कोड मी लिहू शकते. माझ्यासारखे लाखभर लोक लिहू शकतात. आम्हाला कोणी सांगत नाही, कारण कोणावर बंधन नाही.

आमच्या साडीचं पुढं काय झालं ते सांगते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. काही आठवड्यांनी पूर्ण पैसे परत आले. सोबत दोन ओळी होत्या: तुमची गैरसोय लक्षात घेऊन अपवाद म्हणून ही रक्कम परत करत आहोत, वस्तू परत पाठवायची गरज नाही. घरी सगळे खूश झाले. मला ‘अपवाद म्हणून’ या शब्दांनी झोप लागली नाही. हक्काचे पैसे त्यांनी दया म्हणून दिले, आणि दया केली की चूक कबूल करावी लागत नाही. मी अभिप्राय लिहिला, तो ‘आमच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही’ म्हणून छापला गेला नाही.

लग्नात आजी तिची जुनी कोशाची साडी नेसली, आबाजींच्या मागावरची. नवी साडी उन्हाळा संपल्यावर कूलरवर पांघरली, धूळ बसू नये म्हणून. त्या कामाला ती चांगली आहे. काल हे लिहिताना मी ते पान परत उघडलं. विणकराचे हात अजून तिथं आहेत आणि नाव पुन्हा बदललंय. आता त्यात ‘प्युअर’ परत आलंय.